पाचीफिकोची करंगळी

मूल शांत निघावं म्हणून आईबापांनी त्याचं नाव पाचीफिको ठेवलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! रोमच्या त्रास्तेवेरे वस्तीतल्या गल्ल्यांतून पिंजाऱ्याचा हातगाडा ढकलत पाचीफिको तोझ्झी निघाला की तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. वरच्या खिडकीतून कुणी पाणी फेकलं तर भांडण, आणि नाही फेकलं तर वर मान करून "काय सोराबाई, आज तब्येत बरी नाही का?" अशी चौकशी. तरी वसंत लागला की अख्ख्या वस्तीच्या गाद्या त्याच्याच हातून जायच्या, कारण त्याच्यासारखा हात रोममध्ये दुसरा नव्हता. हे तो स्वतः सांगायचाच, पण दुर्दैवानं खरंही होतं.

अंगणात गादी उसवायची, वर्षभर दबलेली लोकर काठ्यांनी झोडायची, खिळ्यांच्या झुलत्या फळीखाली पिंजायची आणि पुन्हा भरून हातभर लांबीच्या दाभणानं शिवायची. टाका आवळताना सुतळी करंगळीला गुंडाळून तो असा हिसका द्यायचा की गादी कण्हायची. बापानं शिकवलेली पद्धत होती ती. बापाची करंगळी म्हातारपणी वाकडी झाली होती, पण बापाची सगळीच हाडं वाकडी होती, त्यामुळे तिचा वेगळा विचार कुणी केला नाही.

आठवडाभर हे काम, आणि रविवारी दुपारी त्याच हातांनी मोर्रा. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाच क्षणी मूठ पुढं झोकून एक ते पाच कितीही बोटं उघडायची, आणि दोघांच्या बोटांची बेरीज किती होणार तो आकडा त्याच दमात ओरडायचा. ज्याचा आकडा जुळला त्याचा डाव. बेरजेवरून लोक सुरे काढायचे म्हणून सरकारनं या खेळावर बंदी घातली होती. पण शिपायांनाही रविवार असतोच. सोरा मेनिकाच्या गुत्त्यावरून जाताना त्यांना नेमकं आकाशाकडं बघायचं सुचायचं.

पाचीफिकोचा जोडीदार रिगेत्तो. वरच्या डोंगरातल्या गावांतून दारूची पिंपं रोममध्ये आणणारा गाडीवान. गाडीला घुंगरं, वर कातड्याचं छत, छताखाली रिगेत्तो गाढ झोपलेला आणि पिंपावर बसलेलं कुत्रं जागं. वाट घोड्याला पाठ. पाचीफिकोच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला रिगेत्तोनं तिला हातांवर धरलं, तेव्हापासून ते एकमेकांचे 'कोंपारे' झाले. आमच्याकडं हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. भावाशी माणूस जमिनीसाठी भांडतो, कोंपारेशी भांडायला कारण लागत नाही आणि मोडायला मुभा नसते. अशी तीस वर्षं गेली होती.

एकोणीसशे बारा सालच्या ईस्टरच्या सोमवारी ते मोडलं.

मेनिकाच्या मांडवाखाली शेवटचा डाव होता, दोघांचे गुण सारखे. रिगेत्तोनं चार बोटं झोकली आणि ओरडला, "आठ!" पाचीफिको ओरडला, "नऊ!" आणि त्याचा पंजा सताड उघडा. चार आणि पाच नऊ. पाचीफिकोनं पेला उचलला.

"थांब," रिगेत्तो म्हणाला. "चार होती तुझी. करंगळी मागून काढलीस."

"काय म्हणालास?"

"माझा 'आठ' ऐकलास आणि मग करंगळी काढलीस. मी पाहिलं."

मोर्रात माणसाला चोर म्हणा, त्याच्या आजीबद्दल बोला, चालेल. पण 'मागून बोट काढलं' म्हणजे संपलं. पाचीफिको उठला, टेबल उलटलं, आणि लोकांनी धरलं म्हणूनच पुढचं टळलं. रिगेत्तोनं टोपी घातली आणि शांतपणे म्हणाला, "येतो मी, सोर पाचीफिको. आपण बसा."

तीस वर्षांनी 'सोर', म्हणजे साहेब, आणि 'आपण'! करंगळीचा आळही पाचीफिकोच्या इतका जिव्हारी लागला नव्हता.

त्या दिवसापासून रिगेत्तो पिंपं मागच्या दारानं द्यायचा आणि गुत्त्यात पाऊल ठेवायचा नाही. आणि वस्ती? वस्तीला तर आयतं कोलीत मिळालं. खाटीक तीन शेर हाडं देताना तीन बोटं दाखवायचा आणि मग सावकाश करंगळी वर करायचा. गादी परत देताना बाई विचारायची, "तीन बाजू शिवल्यात ना, सोर पाचीफिको? चौथी काय मागून?" पाचीफिको घरी येऊन बायकोवर, ओर्सोलावर, ओरडायचा. ती कांदा चिरत म्हणायची, "माझ्यावर कशाला? मी तुमची बोटं मोजली नाहीत कधी."

खरं दुःख लोकांच्या चेष्टेचं नव्हतं. रविवारी दुपारी तो मेनिकाकडं जायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि मागच्या दाराशी घुंगरं वाजली की पेला खाली ठेवायचा. दुसऱ्या कुणाशी मोर्रा खेळायला त्याला चव येत नव्हती. आपण निर्दोष आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि ते रिगेत्तोच्या टाळक्यात कसं घालावं हे मुळीच कळत नव्हतं. आपलं नाव धुऊन निघावं आणि कोंपारे परत समोर बसावा, एवढंच त्याला हवं होतं.

मे महिन्यात नदीपलीकडच्या एका वकिलाच्या वाड्यावर गाद्यांचं काम निघालं. अंगणात तो लोकर झोडत होता. दोन काठ्या, दोन्ही हात आणि हवेत उडणारी लोकर. तेवढ्यात वकिलाचा मुलगा जिन्यावरून धावत आला. एत्तोरे वाल्दाम्ब्रिनी त्याचं नाव. वय पंचविशीचं, केस तेल लावून मागं वळवलेले, गळ्यात फडफडता लाल टाय.

"थांबू नका!" तो ओरडला. "देवाची शपथ, थांबू नका!"

"थांबतोय कोण? तुमच्या वडिलांनी ठोक काम दिलंय."

एत्तोरे फोटो काढायचा, पण लग्नाबारशाचे नव्हेत. तो आणि त्याचे चार मित्र नव्या कलेचे. जुनं सगळं जाळावं, पुतळे नदीत टाकावेत असं ते कॉफी पीत ठरवायचे, आणि आई जेवायला हाक मारायची तेव्हा घरी जायचे. फोटोग्राफरांवर त्याचा भारी राग.

"मुडदेफरास आहेत लेकाचे!" तो म्हणाला. "माणसाला खुर्चीत बसवतात, श्वास रोखायला लावतात आणि त्याचं प्रेत टिपतात. काही शहाणे तर धावत्या घोड्याचे बारा तुकडे करतात, बारा चित्रं, बारा मेलेले घोडे! घोडा धावला कुठं? मला तुमची काठी वर आहे ते नको, खाली आहे ते नको. वरून खाली येते ते हवंय. मधलं!"

पाचीफिकोला आपल्या लग्नाचा फोटो आठवला. मान हलू नये म्हणून फोटोवाल्यानं मागून लोखंडी चिमटा लावला होता. 'फाशी देतायत असं वाटतं,' असं ओर्सोला अजून म्हणायची. त्यामुळे मुडदेफरास हा शब्द त्याला पटला. पण कान टवकारले ते पुढच्या वाक्याला.

"म्हणजे बघा," एत्तोरे सांगत होता, "मी भिंगावरचं झाकण काढतो आणि हालचाल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उघडंच ठेवतो. हात निघाला कुठून, गेला कुठून, पोचला कुठं, सगळी वाट काचेवर उमटते."

पाचीफिकोनं काठ्या खाली ठेवल्या. "सगळी वाट?"

"सगळी."

"बोटांचीसुद्धा? कुठलं आधी, कुठलं मागून?"

"बोटांचा तर आत्मा उमटेल, महाराज!"

"आत्मा राहू द्या. मला बोटं पाहिजेत."

मेनिकाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून पिंपावर बसली. तीस वर्षं दारू विकून ती कुणावरही विश्वास न ठेवण्याइतकी शहाणी झाली होती. "ईस्टरला टाकलेली बोटं, आणि फोटो जूनमध्ये काढणार?"

"हात तोच आहे ना? माणूस जसा टाकतो तसाच टाकतो. तू फक्त त्याला सांग."

"त्याला म्हणजे?"

"सोर रिगेत्तोंना," पाचीफिको दात खाऊन म्हणाला.

रिगेत्तोनं निरोप पाठवला तो असा: 'सोर पाचीफिकोंनी एकट्यानं फोटो काढला तर त्यात लबाडी होईल. समोर मी बसणार.' मेनिकानं हा निरोप पोचवताना अजिबात तोंड वाकडं केलं नाही, याचं तिला पुढं फार कौतुक वाटायचं.

एत्तोरेनं बापाच्या जुन्या तबेल्यात आपलं दुकान थाटलं होतं. खिडक्या बंद, भिंतीवर काळं कापड, मध्ये विजेचा झगझगीत दिवा. भर दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत काळोख. दोघांना काळे अंगरखे घालून समोरासमोर बसवलं, बाह्या कोपरापर्यंत वर. उजेडात फक्त हात.

"बसावं, सोर रिगेत्तो."

"आधी आपण, सोर पाचीफिको."

"बसा हो दोघंही!" एत्तोरे वैतागला. "मी झाकण काढलं की टाका."

पहिल्या दोन काचा वाया गेल्या. दोघं इतकं सांभाळून बोटं टाकत होते की जणू महागड्या दुकानात किंमत विचारताहेत. एत्तोरे ओरडला, "हा काय मोर्रा आहे? अंत्यविधी आहे का? जीव ओता!"

"हा शिकवणार आम्हाला मोर्रा," रिगेत्तो पुटपुटला.

"टायवाला," पाचीफिको पुटपुटला.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. पुढचा हात आला तो खरा आला. "सात!" "पाच!" "सहा!" "नऊ!" मुठी सुटू लागल्या, खुर्च्या पुढं सरकल्या, तबेल्याचं छत दणाणलं. बाजूच्या गल्लीतून कुणी शिपायाला बोलवा म्हणून ओरडलं. एत्तोरे काच घालत होता, झाकण काढत होता, लावत होता, आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. काचा संपल्या तरी हे दोघं खेळतच होते. एत्तोरेनं दिवा मालवला तेव्हा काळोखात एक शेवटचा 'आठ!' ऐकू आला आणि मग दोघांनाही आठवलं की आपलं भांडण आहे. रिगेत्तो भिंत चाचपत बाहेर पडला. पाचीफिको बराच वेळ बसून राहिला. त्याला फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही.

पुढच्या रविवारी एत्तोरे फोटो घेऊन मेनिकाकडं आला. मांडव भरलेला. रिगेत्तोही आलेला, पण उंबऱ्याबाहेर, पिंपावर बसून, म्हणजे गुत्त्यात आला असं कुणी म्हणायला नको. एत्तोरेनं कागद सोडला आणि फोटो टेबलावर ठेवला. सगळे वाकले.

काळ्या अंधारातून धूर निघाल्यासारखं काहीतरी पांढरं पसरलं होतं. एका बाजूनं धूर, दुसऱ्या बाजूनं धूर, आणि धुरात बोटंच बोटं.

खाटकानं मोजायला सुरुवात केली. "चौदा... पंधरा... अठरा! अहो, पाचीफिकोनं एका हातानं अठरा टाकली!"

"मग जिंकला की! बेरीज बाविसावर गेली!"

"करंगळी मागून काढली म्हणे. इथं आख्खी मिरवणूक काढलीय!"

"मूर्खांनो!" एत्तोरे टेबलावर चढायच्या बेतात होता. "ही बोटं नाहीत, ही गती आहे! हाताचा प्रवास आहे!"

"प्रवासाचं राहू द्या, साहेब, करंगळी कुठल्या स्टेशनात उतरली ते सांगा."

मेनिकाचं डोळे पुसणंही थांबलं होतं, ती नुसती हुंदके देत हसत होती. सगळ्यांनी ठरवलं की या चित्रातून काही सिद्ध होत नाही. पाचीफिको निर्दोष नाही आणि दोषीही नाही.

पण पाचीफिको हसत नव्हता. तो फोटो घेऊन उन्हात दाराशी गेला होता. हात त्याचा होता. दुसऱ्याला जिथं धूर दिसत होता तिथं त्याला अंगठा दिसत होता, तर्जनी दिसत होती. चारही बोटं मुठीतून निघाल्यापासून पिसाऱ्यासारखी उलगडत खाली आली होती. आणि करंगळी? करंगळी सबंध वाटभर मिटलेली. हात पार खाली येऊन थांबला होता आणि तिथं, सगळं झाल्यावर, ती एकटी उघडली होती. उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी.

त्यानं उजव्या हाताची मूठ केली आणि उघडली. पुन्हा केली, पुन्हा उघडली. सकाळी हात कोमट पाण्यात धरल्याशिवाय ही करंगळी सुटत नाही हे त्याला ठाऊक होतं. ती एवढा वेळ लावते हे मात्र ठाऊक नव्हतं. बापाची वाकडी करंगळी त्याला आठवली. तो लबाड नव्हता. तो म्हातारा होत होता. रोममधला पहिल्या नंबरचा हात आता मागून येत होता.

मनात आलं, गप्प बसावं. चित्रातून कुणाला काही कळलेलं नाही. चार दिवस हसतील आणि विसरतील. पण समोर पिंपावर रिगेत्तो बसला होता, टोपी गुडघ्यावर, आणि त्याला दोन महिने खोटा म्हणत आलेला माणूस आपण.

"कोंपारे," पाचीफिको म्हणाला.

मांडवातलं हसू थांबलं.

"तू बरोबर होतास. करंगळी मागूनच आली. मी काढली नाही रे, आईची आण. ती आपली आपण उशिरा येते. सुतळीनं खाल्ली. पण आली मागूनच. डाव तुझा." हे बोलताना त्याचा आवाज फुटला आणि ते लपवायला तो खाटकावर ओरडला, "तू काय बघतोस रे, हाडं वीक!"

रिगेत्तोनं हात पुढं केला आणि फोटो घेतला. आधी नाकाजवळ धरला, मग हातभर लांब. मग त्याचा चेहरा असा उजळला की मेनिकाला वाटलं याला चढली.

"वा!" तो म्हणाला. "हुबेहूब! याला म्हणतात फोटो!"

एत्तोरे धावत आला आणि त्यानं रिगेत्तोला मिठीच मारली. "अखेर! अख्ख्या रोममध्ये एक माणूस! तुम्हाला समजलं!"

"यात समजायचं काय? पाचीफिको मोर्रा खेळताना अस्साच दिसतो."

"असा?" मेनिकानं कमरेवर हात ठेवले. "अठरा बोटांचा?"

"मग! तुम्हाला नाही दिसत?" रिगेत्तोनं सगळ्यांकडं पाहिलं आणि त्याला उमगलं की आपण काय बोलून बसलो. तो टोपी चोळामोळा करू लागला. "म्हणजे... लांबचं दिसतं मला चांगलं. मोठ्या चर्चच्या घुमटावरचा क्रूस दिसतो. जवळचं जरा... दोनेक वर्षं झाली... हा असा धूर."

पाचीफिको त्याच्याजवळ गेला. "कोंपारे. ईस्टरला तू म्हणालास, मी पाहिलं."

"म्हणालो."

"काय पाहिलंस?"

"काही नाही."

"काही नाही?"

"मी आठ म्हणालो होतो. आठ व्हायला तुझी चार लागत होती. लोक नऊ म्हणून ओरडायला लागले, आणि वाटलं, आता यांना कळणार की मला बोटं दिसत नाहीत. मग तोंडात आलं ते बोललो."

"म्हणजे आंधळ्यानं मला चोर ठरवलं! दोन महिने! खाटकानं मला करंगळी दाखवली, बायकांनी..."

"पण बरोबर निघालं ना?" रिगेत्तो म्हणाला.

पाचीफिकोनं टेबलाला हात घातला. लोक धरायला धावले. पण टेबल उलटलं नाही. पाचीफिको त्या टेबलावर पालथा पडून हसत होता आणि उठू शकत नव्हता. रिगेत्तो उंबरा ओलांडून आत आला, येताना खुर्चीला अडखळला, आणि समोर बसला. "ऊठ," तो म्हणाला. "भरपूर झालं. मूठ काढ."

एत्तोरे मात्र खट्टू झाला. त्याच्या कलेचा एकुलता एक चाहता जवळचं न दिसणारा निघाला होता. मेनिकानं त्याला शेंगा आणि चीज खाऊ घातलं आणि फोटो मागून घेतला. तो तिनं पिंपांच्या वर टांगला. मित्रांच्या प्रदर्शनात लोकांनी त्याच्या बाकीच्या फोटोंवर बटाटे फेकले असं पुढं कानावर आलं. या फोटोवर कधी कुणी काही फेकलं नाही.

त्या दिवसापासून मेनिकाच्या गुत्त्यात नवा नियम झाला: करंगळी मोजायची नाही, कुणाचीच. चार आणि चार आठ, त्याच्यावर आकडा नाही. पुलापलीकडचे खेळाडू यायचे, 'दहा!' म्हणून ओरडायचे आणि सगळा मांडव त्यांना हसायचा. बोटांचा वेगही उतरला. पाहणाऱ्यांना कंटाळा यायचा, पण ते दोघं पाहणाऱ्यांसाठी खेळतच नव्हते.

महायुद्ध आलं आणि गेलं. पाचीफिकोची करंगळी बापासारखी वळली आणि दाभण जावयाच्या हातात गेलं. रिगेत्तोच्या डोळ्यांतला धूर वाढत वाढत घुमटावरच्या क्रूसापर्यंत पोचला. मग गाडी सुटली, पण घोडा आणि रविवार सुटले नाहीत. आता बोटं उघडली की बेरीज पाचीफिकोच सांगायचा, "तुझी चार, माझी दोन. सहा." ज्या माणसावर एकदा बोटाचा आळ आला होता, तोच आता दोन्ही हातांची बोटं मोजत होता, आणि त्यावर कुणी नजर ठेवत नव्हतं.

फक्त मेनिका ठेवायची, सवयीनं. आणि एका रविवारी तिनं पाहिलं. रिगेत्तोनं चार टाकली आणि ओरडला, "सात!" पाचीफिकोची दोन बोटं उघडी होती. पाचीफिकोनं त्यांच्याकडं पाहिलं, रिगेत्तोच्या तोंडाकडं पाहिलं.

"माझी तीन," तो म्हणाला. "सात. जिंकलास, लेका. पुन्हा जिंकलास."

रिगेत्तोनं पेला चाचपून उचलला, एक घोट घेतला आणि मिशा पुसल्या.

"कोंपारे," तो म्हणाला, "तेव्हा नव्हतास करत, पण आता मात्र तू लबाडी करतोस."

"सिद्ध कर," पाचीफिको म्हणाला. "बोलाव त्या टायवाल्याला."